अपंग सैनिकाच्या घरचें स्वयंपाकघर

शेतकरी आणि सैनिक हे आपल्या मुलखांत बहुधा एकाच घरांतले दोन भाऊ असतात. एक जमीन कसतो, दुसरा पलटणींत जातो; एकाच्या धान्यावर घर खातें व दुसऱ्याच्या पगारावर विहिरीचें काम पुरें होतें. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे हें गांव तर पिढ्यान् पिढ्या सैन्यांत माणसें पाठविण्याबद्दल इतकें प्रसिद्ध आहे कीं, त्याच्या नांवास 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. अशा गांवांतून जो शिपाई धडधाकट परत येतो, त्याची कोणास काळजी नसते. परंतु जो पाय, हात किंवा कमरेखालची शक्ति गमावून येतो, त्याच्या दारीं पहिले आठ दिवस हारतुरे येतात, भाषणें होतात, आणि मग मंडळी आपापल्या कामास लागतात. त्याचें पुढील सारें आयुष्य घरांत जावयाचें असतें. आणि तें घर त्याच्यासाठीं बांधलेलें नसतें.

शेतकऱ्याच्या घरीं हा प्रश्न शहरापेक्षां अधिक बिकट आहे. सुगीच्या दिवसांत सकाळीं आठ वाजतां घराला कुलूप लागतें, तें सायंकाळीं दिवेलागणीस निघतें. ज्या घरीं अपंग माणूस आहे तेथें कुलूप लावतां येत नाहीं. म्हणून एक तर घरांतलें एक धडधाकट माणूस त्याच्यापाशीं अडकून पडतें, नाहीं तर तो माणूस दिवसभर एकटा, सकाळच्या थंड भाकरीवर राहतो. या दोहोंतून सुटण्याचा मार्ग स्वयंपाकघरांतून जातो, असें आमचें मत झालें आहे. जो स्वतःचा चहा, स्वतःचा भात व स्वतःपुरती भाकरी निर्धोकपणें करूं शकतो, तो दिवसभर घरीं एकटा राहूं शकतो. इतकेंच नव्हे, तर दुपारीं शेतावरून येणाऱ्यांसाठीं चूल पेटवून ठेवूं शकतो.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पीकपाहणी, पंचनामे व वारसाच्या नोंदी यांच्या निमित्तानें आम्हांस शेंकडों घरांच्या उंबरठ्याच्या आंत जाण्याचा प्रसंग आला. सेवानिवृत्तीनंतर आमच्या नात्यागोत्यांतील व शेजारच्या गांवांतील अशा तीन-चार घरांच्या दुरुस्तींत आम्हीं लक्ष घातलें. त्या अनुभवावरून जें उपयोगी ठरलें, तें येथें क्रमानें मांडतों.

एका घरची हकीकत

नमुन्यादाखल एक घर घेऊं. या घरचे हवालदार पाठीच्या कण्यास दुखापत होऊन कमरेखालीं अधू झाले. बसण्यास चाकांची खुर्ची मिळाली. दंडांत बळ उत्तम. दीड एकर ऊस, दोन एकर ज्वारी; धाकटा भाऊ, पत्नी व वृद्ध आई एवढींच माणसें. एके दिवशीं घरीं कोणी नसतां त्यांनीं चहा करून पातेलें मांडीवर ठेवलें व खुर्ची ढकलीत सोप्यांत आणलें. पातेलें कढत होतें, परंतु मांडीस संवेदना नसल्यानें तें कळलेंच नाहीं. सायंकाळीं धोतर सोडतांना फोड दिसले. ती जखम भरून येण्यास तीन महिने लागले, आणि तेवढ्या काळांत ज्वारीची काढणी मजुरांकडून करवून घ्यावी लागली. त्यानंतर घरच्यांनीं त्यांस चुलीकडे जाऊंच दिलें नाहीं.

आम्ही समाचारास गेलों तेव्हां ते म्हणाले, "भाऊसाहेब, पोटाची भूक मला कळते, पण पाय भाजला तर तें कळत नाहीं. म्हणून ह्यांनीं माझी चूलच बंद केली. पलटणींत असतांना लंगरांत पन्नास माणसांचें जेवण रांधलेंय मी. आतां घोटभर चहासाठीं हिच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं."

त्यावर त्यांच्या पत्नी आंतून म्हणाल्या, "मग काय करूं भाऊसाहेब? ऊस सोडून ह्यांच्यापाशीं बसूं, का ह्यांना देवाच्या भरंवशावर टाकून जाऊं?"

दोघांचेंहि म्हणणें खरें होतें. दोष होता तो स्वयंपाकघराच्या रचनेंत, आणि रचना पालटतां येते.

कित्येकांस असें वाटतें कीं, पुरुषानें, त्यांतून शिपायानें, चुलीपाशीं बसणें हें कमीपणाचें आहे. सैन्यांतील लंगर कोण चालवितात, हें ज्यास ठाऊक आहे त्यास ही शंका येणार नाहीं. दुसऱ्यानें वाढलेल्या ताटाची वाट पाहत बसणें यांतच खरा कमीपणा आहे, असें आम्हीं ज्या ज्या अपंग सैनिकाशीं बोललों त्यानें त्यानें आम्हांस सांगितलें.

संस्था शिकवितात, घर विसरवितें

अपंग सैनिकांस पुन्हां उभें करण्याचें काम आपल्या प्रांतांत जुनें आहे. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, मुंबईंत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली व ती पुढें खडकीस आली. तेथें अपंग जवानांस हातचे धंदे शिकवितात. पुण्याचें कृत्रिम अवयव केंद्र १९४४ सालचें. कमरेखालीं अधू झालेल्या सैनिकांसाठीं खडकी येथेंच १९७४ सालीं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र सुरू झालें. जयपूर येथें डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनीं १९६८ च्या सुमारास जो रबरी पाय सिद्ध केला, त्यानें गुडघ्याखालीं पाय गेलेल्या माणसास अनवाणी चालतां येतें, चिखलांत जातां येतें व उकिडवें बसतांहि येतें. म्हणून शेतकऱ्यास तो विशेष सोईचा आहे.

अशा अवस्थेंतला मनुष्य काय करूं शकतो याचें उदाहरण सांगली जिल्ह्याकडचेंच आहे. पेठ-इस्लामपूरचे श्री. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून कमरेखालीं अधू झाले. त्यांनींच १९७२ सालीं हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्यें पोहण्याच्या शर्यतींत भारताला पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. ज्याच्या दंडांत एवढें सामर्थ्य असूं शकतें, तो आपल्या घरीं पाण्याचा तांब्या घेऊं शकत नसेल, तर तांब्या चुकीच्या जागीं आहे असेंच म्हटलें पाहिजे. इस्पितळांत व संस्थेंत शिकलेलें स्वावलंबन घरच्या उंबरठ्याशीं आल्याबरोबर संपतें, हें आम्हीं वारंवार पाहिलें आहे.

प्रथम माणूस मोजावा

आम्ही कारकून मंडळी मोजणीस महत्त्व देतों, आणि येथें तेंच प्रथम लागतें. गवंड्यास बोलावण्यापूर्वीं त्या माणसास त्याच्या नेहमींच्या खुर्चींत, किंवा कृत्रिम पाय लावून उभा, असा रिकाम्या स्वयंपाकघरांत आणावा. खडूचा एक तुकडा त्याच्याच हातीं द्यावा. बसल्या जागेवरून कोपर कोठें येतें, गुडघा किती उंच आहे, हात पुढें किती जातो व वर किती जातो, याच्या खुणा त्यानें स्वतः भिंतीवर कराव्यात. पुस्तकांतील मापें मदतीस घ्यावींत, परंतु वाद पडल्यास खडूची खूण खरी मानावी.

साधारणपणें चाकांच्या खुर्चीसाठीं धरावयाचीं मापें अशीं आहेत. दाराची मोकळी रुंदी ३ फूट. खुर्ची जागच्या जागीं फिरविण्यास ५ फूट व्यासाची मोकळी जमीन. ओट्याची उंची ३० इंचांच्या आसपास. नेहमींचा उभ्यानें काम करण्याचा ओटा ३२ ते ३४ इंच असतो, तो बसलेल्यास छातीशीं येतो. गुडघे जाण्यास ओट्याखालीं २७ इंच उंच व निदान १९ इंच खोल पोकळी. रोजच्या वस्तू जमिनीपासून सव्वा फुटाच्या वर व चार फुटांच्या खालीं. यांपलीकडे जें असेल तें त्या माणसाला नसल्यासारखेंच समजावें.

उंबरठा, दार व जमीन

आपल्या घरांचें जोतें पावसापाण्याच्या भयानें उंच असतें, व प्रत्येक दारास उंबरठा असतो. चाकाला व कुबडीला दोन्ही शत्रु आहेत. बाहेरच्या पायरीशेजारीं उतार करावा, तो १ फूट चढास १२ फूट लांबी या प्रमाणाहून उभा नसावा. दीड फूट जोतें असेल तर १८ फूट उतार लागतो. अंगणांत एवढी सरळ जागा नसल्यास मध्यें ५ फूट सपाट जागा ठेवून उतार वळवावा. घाईनें केलेला उभा उतार चढतांना खुर्ची मागें उलटते, म्हणून येथें काटकसर करूं नये. उताराच्या दोन्ही कडांस दोन-तीन इंचांची वीट उभी लावावी, म्हणजे चाक घसरून बाहेर जाणार नाहीं.

आंतला उंबरठा पूजेचा असतो, म्हणून तो काढण्यास वडील मंडळी नाखूष असतात. ज्या घराची हकीकत वर दिली, तेथें आजींनीं उंबरठ्याचें लांकूड जमिनींत समतल पुरावें असा तोड काढला. पूजा चालू राहिली व चाकहि जाऊं लागलें. जुन्या मातीच्या भिंतींत दार रुंद करावयाचें तर वर तुळईचें ओझें कोठें येतें हें जाणत्या सुताराकडून पाहून घ्यावें. कित्येकदां फळी काढून तेथें पडदा लावल्यानेंच दोन-तीन इंच मोकळे होतात व काम भागतें.

शेणानें सारवलेल्या जमिनींत चाक रुततें. उलट गुळगुळीत चकचकीत फरशी ओली झाली कीं कुबडी सटकते. खडबडीत शहाबादी फरशी, सांधे नीट भरून, ही मध्यम वाट आहे. मोरीचा उंच कठडा काढून जमिनीसच मोरीकडे किंचित् उतार द्यावा. कुबडीच्या टोकाचें रबर झिजलें कीं ताबडतोब बदलावें; चार पैशांचें रबर वांचवून खुब्याचें हाड मोडणें हा फायद्याचा व्यवहार नव्हे.

कित्येक विचारतात कीं, आपल्या आयाबहिणी तर पाटावर बसूनच रांधीत आल्या. मग अधू माणसासहि जमिनीवरच कां बसवूं नये? त्यास उत्तर असें कीं, खुर्चींतून जमिनीवर व जमिनीवरून पुन्हां खुर्चींत हा चढउतार एकट्यानें करणें बहुतेकांस झेपत नाहीं. शिवाय ज्याची कमरेखालची संवेदना गेली आहे तो कठीण पाटावर तासभर बसला, तर कातडीखालीं जखम धरते व ती महिनोन् महिने भरत नाहीं. खुर्चींतहि चांगली गादी असावी, व दर पाव-अर्ध्या तासानें हातांवर जोर देऊन अंग क्षणभर उचलण्याची संवय ठेवावी. ज्याचा एकच पाय गुडघ्याखालीं गेला आहे व ज्यास रबरी पाय आहे, त्यास मात्र खालीं बसून काम करणें जमूं शकतें.

ओटा

ओटा शक्यतों एकसंध असावा: एका टोकास मोरीची कुंडी, मध्यें काम करण्याची जागा, दुसऱ्या टोकास शेगडी. याचें कारण असें कीं अपंग माणसानें भरलेलें भांडें उचलूं नये, सरकवावें. कडाप्प्याची पातळ फरशी भिंतींत बसविलेल्या लोखंडी कोनांवर टेकवली, तर खालीं खांब लागत नाहींत व गुडघ्यांस जागा मिळते. ओट्याच्या पुढच्या कडेस अर्धा इंच उंच कांठ करावा. सांडलेलें कढत पाणी मांडीवर न येतां ओट्यावरच राहतें.

गुडघ्यांची पोकळी काम करण्याच्या जागेखालीं असावी. शेगडीच्या थेट खालीं मांड्या येऊं नयेत. विस्तव उजव्या किंवा डाव्या हातास असावा, म्हणजे उतू गेलेलें दूध किंवा निसटलेलें पातेलें अंगावर येत नाहीं. कुंडीखालीं गुडघे जात असतील तर तिच्या तळास व नळीस जाड कापड अथवा फळीचें आवरण करावें, कारण कढत पाणी ओतल्यावर तीहि तापतात.

शेगडी ओट्यावर ठेवली कीं तोंड आणखी उंच होतें, व बसलेल्या माणसास पातेल्यांत काय चाललें आहे तें दिसत नाहीं. यासाठीं शेगडीच्या मागच्या भिंतीवर एक आरसा थोडा पुढें कलता बसवावा. हवालदारांच्या घरीं हा आरसा जुन्या कपाटाचा होता. त्यांत दूध वर येतांना दिसतें.

विस्तव

हल्लीं बहुतेक घरीं गॅसची शेगडी आहे, तरी तुराट्या, पऱ्हाटी व पाचट फुकट मिळत असल्यानें चूलहि चालूच असते. एकट्या राहणाऱ्या अपंग माणसासाठीं चूल धोक्याची आहे: जळण पुढें सारावें लागतें, निखारा बाहेर पडतो, धूर चुकविण्यास मागें सरतां येत नाहीं. चूल बाकीच्यांसाठीं वेगळ्या जागीं राहूं द्यावी.

गॅसविषयीं एक गोष्ट सर्वांनीं लक्षांत ठेवावी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षां जड असतो. गळती झाली कीं तो वर न जातां जमिनीलगत पसरतो. म्हणून उंच खिडकी पुरेशी नाहीं. जमिनीच्या पातळीस, बाहेरच्या भिंतींत जाळीचें एक भोंक असावें. सिलिंडर उभा व शेगडीपेक्षां खालच्या पातळीवर असावा, परंतु गुडघ्यांच्या पोकळींत नसावा. त्याचा रेग्युलेटर खुर्चींतून हातास लागावा, कारण घरीं कोणी नसतां तो बंद करण्याची पाळी त्याच माणसावर येणार. नेहमींचा सिलिंडर १४.२ किलो गॅसचा, व रिकामा असतांहि जड असतो; तो बदलण्याचें काम इतरांचें. एकट्यापुरता ५ किलोचा लहान सिलिंडरहि मिळतो. नळीवरील मुदत पाहून ती वेळेवर बदलावी. वास आल्यास बटण दाबूं नये, काडी ओढूं नये. रेग्युलेटर बंद करून दार उघडावें व १९०६ या क्रमांकास दूरध्वनि करावा.

शेगडीच्या चुली शेजारीं शेजारीं असाव्यात, एकीमागें एक नकोत; पेटत्या ज्वाळेवरून हात पलीकडे न्यावा लागतां कामा नये. चाव्या समोर असाव्यात. एका हाताच्या माणसास काडी ओढणें जमत नाहीं, म्हणून चावी फिरवितांच पेटणारी शेगडी घ्यावी. ज्या घरीं गोबरगॅस आहे तेथेंहि हेच नियम पाळावेत. फक्त तो गॅस हवेहून किंचित् हलका असल्यानें वरची हवाहि खेळती पाहिजे.

विजेची इंडक्शन शेगडी अशा माणसास पुष्कळ सोईची आहे. तिला ज्वाळा नसते व भांडें उचललें कीं तापणें थांबतें. तथापि भांड्याच्या उष्णतेनें वरची काच कांहीं वेळ कढत राहते हें विसरूं नये. तिला लोखंडी किंवा चुंबक धरणारें सपाट बुडाचें भांडें लागतें, व वायरिंग जाड आणि अर्थिंग खरें असावें लागतें. खेड्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसल्यानें तिच्या जोडीस गॅस ठेवावाच.

शेगडी दारापासून दूरच्या बाजूस असावी. भडका उडाल्यास माणूस व दार यांच्यामध्यें विस्तव येतां कामा नये. हाताशीं ओलें पोतें व एक घोंगडें खुंटीवर टांगलेलें असावें. लोंकर सहजासहजीं पेट घेत नाहीं, व घोंगडें टाकून ज्वाळा दाबतां येते. स्वयंपाक करतांना अंगावर सुती व अंगाबरोबर बसणारा कपडा असावा. उपरण्याचा सोगा किंवा शालीचा पदर नको. भाजल्यास तो भाग वीस मिनिटें साध्या वाहत्या पाण्याखालीं धरावा. शाई, हळद, दंतमंजन असें कांहीं लावूं नये. ज्यास संवेदना नाहीं त्यानें रोज रात्रीं आरसा घेऊन मांड्या व टांचा पाहाव्यात.

मांडीवर कांहींहि ठेवावयाचें तर मधें लांकडी फळी हवीच. तिला तीन बाजूंनीं इंचभर कांठ व खालीं जाड गोणपाट लावावें. हवालदारांसाठीं अशी फळी गांवच्या सुतारानें एका दुपारांत करून दिली. सर्व दुरुस्तींत तिचा खर्च सर्वांत कमी झाला व उपयोग सर्वांत अधिक.

पाणी व हाताशीं वस्तू

भरलेली कळशी उचलण्याचें काम टाळावें. पिंप दोन फूट उंच तिवईवर ठेवून त्यास खालीं तोटी बसवावी. त्या तोटीस हातभर रबरी नळी जोडल्यास शेगडीवरच्या पातेल्यांत जागच्या जागीं पाणी भरतां येतें. भाताचें पाणी काढण्यासाठीं पातेलें न उचलतां भात झाऱ्यानें वर काढावा. तोटी फिरकीची न घेतां दांडीची घ्यावी. ती मनगटानेंहि उघडते.

चहा, साखर, मीठ, पीठ, तेल, डाळ व तांदूळ यांचे रोजचे डबे एका ओळींत, ओट्याच्या मागच्या कडेस असावेत. घट्ट झांकणाचे पत्र्याचे डबे एका हातानें उघडत नाहींत. सैल झांकणाचे घ्यावेत. फडताळ व शिंकाळें बाकीच्यांसाठीं. सांडशी, चिमटा व उलथणें खुंट्यांवर टांगावींत. एकदां ठरलेली जागा कोणींहि बदलूं नये. ज्याची दृष्टि गेली आहे त्याच्या बाबतींत तर हा नियम मोडणें म्हणजे त्याचें स्वयंपाकघर लपविणें होय.

एक पाय, एक हात

ज्याचा पाय गेला आहे, त्यास ओटा नेहमींच्या उंचीचा चालतो. परंतु तासभर उभें राहिल्यास कृत्रिम पायाच्या कांठानें खुंट दुखावतो. त्याच्यासाठीं पाठ असलेली उंच तिवई व ओट्याच्या कडेस दीड इंच जाडीचा लोखंडी नळ, धरण्यासाठीं, पक्का बसवावा. कुबड्यांवर चालणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. त्यास कपभर चहाहि नेतां येत नाहीं. त्यानें चहा फिरकीच्या झांकणाच्या थर्मासमध्यें भरून खांद्याच्या पिशवींतून न्यावा, किंवा ओट्याशींच बसून प्यावा.

ज्याचा हात गेला आहे त्याचा प्रश्न निराळा. त्याच्यासाठीं एक जड पाटी घेऊन तींत खालून वर दोन न गंजणारे खिळे ठोकावेत. कांदा-बटाटा त्यांत खोंचला कीं एका हातानें सुरीनें चिरतां येतो. एका कोपऱ्यास काटकोनांत दोन पट्ट्या मारल्या तर भाकरीचा तुकडा तेथें अडवून त्यास लोणी लावतां येतें. परातीखालीं ओलें फडकें पसरलें म्हणजे पीठ मळतांना परात फिरत नाहीं. भाकरी एका हातानें थापतां येते, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. ती तव्यावर टाकणें कठीण, म्हणून ती पातळ फळीवर थापून फळी तव्याशीं कलती करावी. विळी मात्र अशा माणसास देऊं नये. तिला दोन्ही हात व एक पाय लागतो.

खर्च

रुपयांचा आंकडा गांवागणिक व वर्षागणिक बदलतो, म्हणून सामानच लिहितों. हवालदारांच्या घरीं गवंड्याचे पांच दिवस, सुताराचे दोन, लोहाराचा अर्धा, कडाप्प्याच्या दोन फरशा, चार लोखंडी कोन, सहा पोतीं सिमेंट, उतारासाठीं जुन्या पडवीच्या विटा व मुरूम, एक तोटी व नळी एवढें लागलें. एका वर्षीं काढणीस जी मजुरी द्यावी लागली होती, तिच्याहून हा खर्च अधिक झाला नाहीं, असें त्यांच्या धाकट्या भावानें हिशेब करून सांगितलें. मदतीच्या योजना काय आहेत याची चौकशी कागदपत्रांसह जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत करावी. अर्जाबरोबर पेन्शनचा हुकूम व अपंगत्वाचा दाखला यांच्या नकला जोडाव्यात. अर्जाची पोंच घेतल्याशिवाय परत येऊं नये, हा आमच्या जन्माच्या नोकरीचा सल्ला.

घरच्यांचें वागणें

रचना झाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. पहिले आठ दिवस विस्तव न पेटवतां, थंड पाण्यानेंच सगळी कवाईत करावी: पाणी भरणें, पातेलें सरकविणें, गाळणें, कप फळीवर ठेवणें. शिपायास कवाईत नवी नाहीं. मग चहा, मग भात, व सर्वांत शेवटीं भाकरी. त्या काळांत घरचें एक माणूस सोप्यांत असावें, स्वयंपाकघरांत नसावें. हांक आल्याशिवाय उठूं नये.

हें शेवटचें सर्वांत कठीण आहे. प्रेमाच्या माणसास वेळ लागलेला पाहवत नाहीं. हातांतलें काम आपण ओढून घेतों आणि त्यास मदत म्हणतों. त्या हवालदारांच्या पहिल्या चहास पाऊण तास लागला व तो कडूहि झाला होता. त्यांच्या पत्नींनीं तो पिऊन एवढेंच विचारलें, "अहो, साखर कुठल्या डब्यांत ठेवलीय?" त्या वर्षींच्या सुगीला त्या ऊसतोडीवर गेल्या, आणि दुपारीं येणाऱ्यांना भात तयार मिळूं लागला.

गळ्यांत दोरीनें अडकविलेला मोबाईल मात्र अशा माणसानें एकटें असतांना कधींहि काढूं नये, व शेजारच्या एका घरास कामाच्या वेळा ठाऊक असाव्यात. स्वावलंबनाच्या हौसेपायीं सावधगिरी सोडणें हें शिपाईगिरींत बसत नाहीं.

रब्बीची काढणी आटोपल्यावर रोहिणीपर्यंतचे दिवस गवंडी-सुतारांस व आपणांसहि थोडे मोकळे असतात. ज्या वाचकांच्या घरीं, भावकींत किंवा गांवांत असा सैनिक आहे, त्यांनीं त्या दिवसांत एक खडू घेऊन त्याच्या घरीं जावें व तो कोठें खूण करतो तें पाहावें. बाकीचें काम सुतार व गवंडी जाणतात.